पाठ १४ : निळा डबा बोलत नाही

वाचण्याआधी : स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा उघडून पाहा. आत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मराठीत सांगा. एखादं नाव अडलं तर आई-बाबांना विचारा.

मराठीत कचऱ्यासाठी एक शब्द पुरत नाही. जुनी वर्तमानपत्रं आणि वह्या म्हणजे रद्दी. मोडकी सायकल, गंजलेला पत्रा, बंद पडलेला मिक्सर म्हणजे भंगार. भाजीची देठं, साली, उरलेला भात हा ओला कचरा. कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक हा सुका कचरा. देवाला वाहिलेली फुलं सुकली की त्यांना निर्माल्य म्हणतात, आणि त्याला कचरा म्हटलेलं आजीला अजिबात चालत नाही!

इतके शब्द कशाला? कारण यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ठिकाणी जाते. मी साताऱ्यात वाढलो. तिथे रद्दीवाला दारात यायचा, तराजूत वजन करायचा आणि पैसे हातावर ठेवायचा. नको असलेली वस्तू मात्र तिथल्या तिथे परत करायचा. "हे नाही चालत, वहिनी. पुढे कोणी घेत नाही." चर्चा संपली.

इथे कॅलिफोर्नियात रद्दीवाला येत नाही. बहुतेक गावांत घराबाहेर तीन डबे असतात. निळा डबा पुन्हा वापरता येणाऱ्या सुक्या मालासाठी, हिरवा ओल्या कचऱ्यासाठी, आणि काळा किंवा करडा उरलेल्या सगळ्यासाठी. काही गावांत रंग वेगळे असतात, तेव्हा झाकणावरचं चित्र पाहा. अडचण अशी, की निळा डबा बोलत नाही. त्यात काहीही टाका, तो "नाही चालत" असं म्हणत नाही.

नकार पुढे मिळतो. डब्यातला माल एका केंद्रात सरकत्या पट्ट्यावर येतो. तिथे माणसं आणि यंत्रं मिळून कागद, काच, पत्र्याचे डबे, बाटल्या वेगळ्या करतात. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळतात. मग यंत्र थांबवून कोणीतरी आत उतरतं आणि त्या हाताने कापून काढतं. आपण "जाईल कुठेतरी" म्हणून टाकलेली पिशवी अशी जाते. निळ्या डब्यातला कागदही कोरडा हवा. अर्धी भरलेली सोड्याची बाटली सांडली, की शेजारचा चांगला कागद वाया जातो.

प्लॅस्टिकच्या डब्याखाली बाणांचा छोटा त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा. पुष्कळ मोठी माणसंसुद्धा समजतात, की त्रिकोण आहे म्हणजे निळा डबा. तसं नाही. तो आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. ते प्लॅस्टिक विकत घेणारा कोणी आहे का, हे त्रिकोणाला माहीत नसतं. २०१८ च्या सुरुवातीला चीनने परदेशातून येणारा मिश्र कागद आणि बरंचसं टाकाऊ प्लॅस्टिक घेणं बंद केलं. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक गावांना निळ्या डब्याची यादी लहान करावी लागली. वस्तू तीच, डबा तोच. पलीकडचा घेणारा गेला. म्हणून आपल्या गावाची यादी वर्षातून एकदा तरी पाहावी.

हिरव्या डब्याचा नियम त्या मानाने सोपा आहे. १ जानेवारी २०२२ पासून कॅलिफोर्नियात घरांनी आणि दुकानांनी ओला कचरा वेगळा ठेवायचा, असा कायदा लागू झाला. याचं कारण वास नाही. कचऱ्याच्या डोंगरात दबलेल्या अन्नाला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो. २० वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. तेच अन्न वेगळं काढलं तर त्याचं खत होतं. आंब्याची कोय, चहाचा चोथा, आमटीतला कढीपत्ता, सगळं हिरव्यात.

गणपतीनंतर मात्र घरोघरी गोंधळ उडतो. दूर्वा आणि फुलं हिरव्या डब्यात चालतात, पण आधी हाराचा दोरा, जर आणि प्लॅस्टिकचे मणी काढा. मखराचा पुठ्ठा चकाकी लावलेली नसेल तर निळ्यात. थर्माकोल बहुतेक गावांत निळ्यात चालत नाही, तो काळ्यात जातो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली; इथेही पुठ्ठ्याचं मखर करायला कोणी अडवलेलं नाही.

रद्दीवाल्याची आठवण करून देणारी एक गोष्ट इथेही आहे. पाण्याची किंवा सोड्याची बाटली घेताना बिलात सी.आर.व्ही. या नावाने थोडे पैसे जास्त लागतात : २४ औंसांपेक्षा लहान बाटलीला ५ सेंट, मोठीला १० सेंट. रिकामी बाटली केंद्रावर नेली की ते परत मिळतात. केंद्रावाले सहसा वजनावर पैसे देतात. पण एका प्रकारच्या ५० बाटल्यांपर्यंत "मोजून द्या" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. ५० लहान बाटल्यांचे अडीच डॉलर होतात.

आता ज्या वस्तू कोणत्याच डब्यात चालत नाहीत, त्यांच्याकडे वळू. बॅटरी, ट्यूबलाइट, रंग, कीटकनाशक, जुना फोन. कॅलिफोर्नियात २००६ पासून घरातली साधी बॅटरीसुद्धा कचऱ्यात टाकायला बंदी आहे. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते, आणि गाडीत चालक बसलेला असतो. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि काउंटीच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर न्या. घरच्या वस्तू तिथे सहसा फुकट घेतात, पण बऱ्याच ठिकाणी आधी वेळ ठरवावी लागते. उरलेला रंग रंगाची अनेक दुकानंही घेतात.

दुकानदारांचं गणित वेगळं असतं. हा संवाद दोघांनी मिळून वाचा. काकांचं वडापावचं छोटं दुकान आहे. अथर्व शनिवारी तिथे मदत करतो.

काका : अथर्व, कढईतलं तेल गार झालं का? ओत सिंकमध्ये.
अथर्व : नको, काका! पाइपात ते घट्ट होतं आणि गटार तुंबतं. जुनं तेल न्यायला नोंदणी असलेली गाडी येते. त्याचं पुढे बायोडिझेल होतं.
काका : बरं, पिंपात भरून ठेव. आणि या दहा ट्यूब? मी रविवारी घरच्या म्हणून काउंटीला देऊन येतो, फुकटात काम होईल.
अथर्व : पण त्या दुकानाच्या आहेत ना? ती फुकट सोय फक्त घरांसाठी आहे.
काका : मग माझ्यासारख्याने काय करायचं? मोठ्या कंपनीसारखा खर्च मला कसा परवडेल?
अथर्व : महिन्याला १०० किलोपर्यंत धोकादायक कचरा असेल, तर बऱ्याच काउंटीत छोट्या धंद्यांसाठी वेगळी सोय असते. फोन करून वेळ घ्यायची. पैसे पडतात, पण मोठ्या कंपनीइतके नाही.
काका : लाव फोन. इंग्रजी तूच बोल. आणि शिळे पाव?
अथर्व : ते हिरव्या डब्यात. पण आज उरलेले चांगले पाव आपण खाऊ की!

भाषेची गंमत : माणूस चालतो. घड्याळ चालतं. आणि काच निळ्या डब्यात "चालते". इथे "चालणं" म्हणजे स्वीकारलं जाणं. "मला चालेल" आणि "मी चालेन" यांत काय फरक आहे, ते वर्गात सांगा.

शब्दार्थ
देठ – पान किंवा फळ झाडाला जोडणारा भाग
तराजू – वजन करायचं साधन
चोथा – रस किंवा अर्क काढल्यावर उरतं ते
मखर – गणपती बसवण्यासाठी केलेली सजावट
तुंबणं – पाणी अडून राहणं
पिंप – तेल किंवा पाणी साठवायचं मोठं भांडं

स्वाध्याय
१. रद्दीवाला आणि निळा डबा यांच्यात लेखकाला कोणता फरक दिसतो?
२. काका ट्यूब घरच्या म्हणून का देऊ पाहतात? तुम्ही अथर्वच्या जागी असता तर त्यांना काय म्हणाला असता? तीन वाक्यं लिहा.
३. तुमच्या गावाची निळ्या डब्याची यादी शोधा. या पाठात सांगितलेल्यापेक्षा वेगळं काय आढळलं, ते पुढच्या रविवारी वर्गात मराठीत सांगा.