ऑफिसचा कॉम्प्युटर हळू चालतोय? नवा घेण्याआधी डिस्क तपासा



मागच्या महिन्यात मनवेलपाड्यातल्या एका गटाचा कर्जप्रस्ताव बँकेत द्यायचा होता. संघाच्या कॉम्प्युटरवर बचतीची एक्सेल फाइल उघडायलाच दहा मिनिटं गेली. प्रिंट हातात येईपर्यंत बँकेची वेळ संपली. दोन ताई रोजावरचा खाडा करून आल्या होत्या, त्यांना दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." पण नवीन घ्यायचं तर पैसे तुमच्याच वर्गणीतून जाणार. म्हणून आधी आपणच तपासायचं ठरवलं. मी कॉम्प्युटरची तज्ज्ञ नाही, पण हे काम कुणालाही जमेल असं आहे.

नेमकं होतं काय?

जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यात गोल तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरते आणि एक बारीक हात तिच्यावरची माहिती वाचतो.

आता आपली बचतवही आठवा. एका ताईंचं पान भरलं, पुढचं पान दुसरीच्या नावावर आहे. मग आपण लिहितो, 'पुढे पान ४७ वर'. तेही भरलं की 'पान ८२ वर'. हिशोब चुकत नाही, पण वाचताना पानं उलटून जीव मेटाकुटीला येतो. डिस्कचंही तसंच. फाइल रोज वाढते, मध्येच काही फाइली पुसल्या जातात, मग उरलेल्या मोकळ्या जागांत तुकडे बसवले जातात. यालाच फ्रॅगमेंटेशन म्हणतात. हे तुकडे एकापाठोपाठ एक लावून घेणं म्हणजे डीफ्रॅगमेंट करणं.

आधी निदान

१. 'कॉम्प्युटर' उघडून सी ड्राइव्हची पट्टी पाहा. विंडोज ७ मध्ये ती लाल दिसली तर जागा संपत आली आहे. आपली लालच होती. बैठकांचे फोटो आणि व्हिडिओ चार-चार वेळा साठवलेले!

२. कान देऊन ऐका. डिस्कमधून टकटक, खरखर येते का? फाइली आपोआप खराब होतात का? तसं असेल तर डिस्कच मरायला टेकली असू शकते. डीफ्रॅगमेंट करू नका, त्याने तिच्यावर आणखी ताण येतो. आधी सगळा हिशोब दुसरीकडे उतरवून घ्या.

३. स्टार्ट, ऑल प्रोग्रॅम्स, ॲक्सेसरीज, सिस्टिम टूल्स, डिस्क डीफ्रॅगमेंटर असं जा. सी ड्राइव्ह निवडून 'ॲनालाइझ डिस्क' दाबा. आकडा १० टक्क्यांच्या वर आला तर काम करायला हवं.

मग दुरुस्ती

१. बचत, कर्ज, परतफेडीच्या सगळ्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रत उघडून बघा. याशिवाय पुढे जाऊ नका.

२. फोटो-व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा, रिसायकल बिन रिकामी करा. सिस्टिम टूल्समधलं 'डिस्क क्लीनअप' चालवा. साधारण १५ टक्के जागा मोकळी ठेवा. तुकडे हलवायलाही जागा लागते, भरलेल्या खोलीत कपाट सरकवता येत नाही.

३. सगळे प्रोग्रॅम बंद करून 'डीफ्रॅगमेंट डिस्क' दाबा. काही तास लागू शकतात. आपल्याकडे पावसात लाइट जाते, म्हणून यूपीएस जोडलेला असेल तेव्हाच लावा.

आपण संध्याकाळी लावलं, सकाळी झालं होतं. तीच फाइल आता मिनिटभराच्या आत उघडते. खरं सांगायचं तर त्यात जागा मोकळी केल्याचाही वाटा आहे.

हे लक्षात ठेवा

विंडोज ७ हे काम दर बुधवारी रात्री १ वाजता करायला ठरवलेलं असतं. त्या वेळी आपलं ऑफिस बंद! 'कॉन्फिगर शेड्यूल'मध्ये जाऊन दुपारच्या जेवणाची वेळ टाका.

एखाद्या गटाकडे एसएसडी असलेला नवा लॅपटॉप असेल तर तिथे हे करू नका. एसएसडीत फिरणारी तबकडीच नसते, त्यामुळे फायदा नाही, उलट झीज वाढते.

एवढं करूनही मशीन हळूच असेल तर रॅम कमी किंवा व्हायरस ही कारणं असू शकतात. तेव्हा जाणकाराला दाखवा, पण "कशावरून?" हे विचारा.

आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झालेत. वेग आला म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. ते मशीन हिशोब आणि प्रिंटपुरतंच ठेवा.

पुढच्या बैठकीत

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित लेखे. वही नीट ठेवतो, तशी वहीची पेटीही नीट ठेवायला हवी. प्रत्येक गटाने दोन ताई निवडाव्यात. महिन्यातून एकदा मोकळी जागा, ॲनालाइझचा आकडा आणि प्रत घेतल्याची तारीख या तीन गोष्टी त्यांनी वहीत लिहाव्यात. पहिल्या वेळी मी सोबत बसेन. माऊसला हात लावायला घाबरू नका, ॲनालाइझ दाबल्याने काही बिघडत नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक