मोबाइलचा मुहासबा



ईशाची नमाज अदा करून दूधबाजारातून किंवा चौक मंडईतून घरी परतताना ओट्यांकडे एकदा लक्षपूर्वक पाहा. चार-पाच मुले शेजारी बसलेली असतात, परंतु कोणी कोणाशी बोलत नाही. प्रत्येकाची नजर आपापल्या पडद्यावर असते. आपण हळहळतो. घरी येतो, टोपी खुंटीला अडकवतो आणि आपलाही हात खिशाकडे जातो. म्हणून मुलांविषयी नंतर बोलू, आधी स्वतःला मोजू.

केवळ तास मोजून हा धोका कळत नाही. वडाळ्यातील एखादा रिक्षाचालक भाड्यासाठी आणि रस्त्यासाठी दिवसभर मोबाइल पाहत असेल. दुसरा कोणी दोनच तास पाहतो, पण ते तास फजरच्या आधीच्या झोपेतून आणि मुलांच्या वाट्यातून आलेले असतात. जोखीम या दुसऱ्याला अधिक आहे.

दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१३ साली किशोरवयीनांसाठी दहा विधानांची एक लहान मोजपट्टी तयार केली. ठरवलेले काम मोबाइलमुळे राहते का? अभ्यासात चित्त लागत नाही का? मनगट किंवा मान दुखते का? हातात नसतानाही तो मनात घोळतो का? ठरवल्यापेक्षा अधिक वेळ जातो का? अशा प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण द्यायचे. बेरीज १० ते ६० च्या दरम्यान येते. मुलग्यांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही जोखमीची रेषा मानली गेली. मोठ्यांनी हे गुण केवळ इशारा म्हणून घ्यावेत. हे रोगनिदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेम खेळण्याच्या विकाराला स्थान आहे, ‘मोबाइलचे व्यसन’ अशी स्वतंत्र नोंद नाही. तेव्हा आपल्या मुलाला चारचौघांत ‘व्यसनी’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

स्वतःचा हिशेब स्वतः घेणे आपल्याला नवे नाही. हिशेबाच्या दिवसाआधी आपला हिशेब आपणच घ्यावा, ही हजरत उमर (रजि.) यांची शिकवण प्रसिद्ध आहे. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत बहुतेक लोक तोट्यात राहतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी शरीफमध्ये आहे. सूरह अस्रमध्ये तर अल्लाहने काळाचीच शपथ घेतली आहे. माझ्या मते श्रद्धावंताने वरील दहा विधानांना एक अकरावे जोडावे: अजान ऐकू आल्यावर हातातील मोबाइल लगेच खाली जातो, की ‘हे एवढे संपू दे’ असे होते? याचे गुण इतर कोणी देऊ शकत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक उपाय केला. सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरून भोंगा वाजायचा, मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद व्हायचे. साडेआठला पुन्हा वाजायचा. तो वेळ अभ्यासाचा व बोलण्याचा. (कडेगाव तालुक्यातील हे गाव, मोहरमच्या उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध असलेले कडेगाव ते हेच.) तेथे नियम मुलांइतकाच वडीलधाऱ्यांनाही होता, म्हणून तो महत्त्वाचा. आपल्या मोहल्ल्यात दिवसातून पाच वेळा हाक ऐकू येते. मगरिब ते ईशा एवढाच वेळ घरातील सर्व मोबाइल एका डब्यात ठेवून पाहा. पहिला मोबाइल वडिलांचा.

त्या प्रश्नावलीतील दहावे विधान असे की, आसपासचे लोक मला मोबाइलचा अतिवापर करतो असे सांगतात. हे गुण मी स्वतः न देता नऊ वर्षांच्या लेकीला विचारले. तिने क्षणभरही विचार केला नाही. “अब्बा, सहा,” ती म्हणाली. माझी बेरीज ३४ झाली. कागद अजून कपाटाच्या दारावर आहे. दर जुम्म्याला नवा आकडा तीच लिहिते.