सुईच्या दिवशी सुट्टी

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. त्याच दिवसांत औशात माझ्या दवाखान्यात एक बाप सातवीतल्या मुलीला घेऊन आला. ताप नाही, खोकला नाही. "डॉक्टरसाहेब, आजारी हाय म्हणून चिठ्ठी द्या. आज शाळेत सुई हाय." या लशीने पुढे मूल होत नाही, असे त्याला कुणीतरी मोबाइलवर धाडले होते.

खरे पाहता गोष्ट नेमकी उलटी आहे. रुबेला लहानपणी झाला तर बारीक ताप, अंगावर पुरळ, आणि दोन-चार दिवसांत बरा. तोच गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर गर्भपात होऊ शकतो. नाहीतर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. म्हणजे ही लस मुलीच्या उद्याच्या लेकरासाठीच आहे. गोवराचे तर सांगायलाच नको. २०२२ मध्ये मुंबईत त्याची साथ आली आणि मुले दगावली.

सुईनंतर दंड दुखतो. आठवडाभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकते. मोठी मुले चक्कर येऊन पडतात, ती बहुधा भीतीने. म्हणून उपाशी पाठवू नये आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवावे.

चिठ्ठी मी दिली नाही. बाप रागानेच गेला. संध्याकाळी पुन्हा दारात, "पोरीचा दंड दुखतोय" म्हणून.