काठ राखाल तर पाणी राहील

पुण्याच्या रामनदीवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. ही नदी लहानशी. भूगावजवळ खाटपेवाडीला उगम पावते आणि बावधन, पाषाण, बाणेर ओलांडून औंधजवळ मुळेला मिळते. शहरातल्या नदीच्या वाट्याला येणारं सगळं मात्र तिच्या वाट्याला आलं आहे. तिच्या काठावर शिकलेलं थोडं इथे मांडतो. गावच्या ओढ्यालाही ते लागू पडेल.

१. आधी नदी चालून पाहा. तीही एप्रिल-मे महिन्यात. पावसाळी गटाराचं तोंड भर उन्हाळ्यात वाहताना दिसलं, की बहुतेक वेळा ते मैलापाणीच असतं. वर कुठेतरी ड्रेनेज चुकीच्या वाहिनीला जोडलेलं असतं किंवा फुटलेलं असतं. अशा प्रत्येक तोंडाची जागा टिपून ठेवा, फोटो काढा. काठावरचं प्लास्टिक उचलावंच, पण पाणी सुधारतं ते असं एखादं तोंड बंद झाल्यावर.

२. काठ पायथ्यातून ढासळतो. वळणावर बाहेरच्या बाजूला प्रवाह पायथा पोखरतो. पूर असेपर्यंत वरची माती उभी दिसते. पाणी झपाट्याने उतरलं की तिचा आधार जातो आणि भिजून जड झालेली दरड खाली येते. म्हणून नुसत्या वर लावलेल्या झाडांनी काम भागत नाही. पाण्यालगत लव्हाळा, वाळा, शेरणी, वाळुंज. मधल्या उतारावर करंज. वर जांभूळ, उंबर, अर्जुन, अशी उतरंड हवी. वाळ्याची मुळं तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात. वाळुंजाच्या फांद्या ओल्या मातीत खोचल्या तरी फुटतात, त्यामुळे रोपवाटिकेचा खर्च वाचतो.

३. गवत हा कचरा नव्हे. मोहिमेच्या उत्साहात काठ तासून ‘चकाचक’ केला जातो आणि पहिल्याच पावसात माती पाण्यात जाते. वाहून येणारा गाळ आणि शेतातलं खत अडवण्याचं काम हे गवतच करतं. काढायची ती जलपर्णी. तीही फुलण्याआधी, आणि काढून काठावर न ठेवता.

४. यंत्र बोलावण्याआधी थांबा. जेसीबीने पात्र खोल आणि सरळ केलं की काठ उभे कडे होतात, प्रवाहाचा वेग वाढतो. वाळू उपसली तरी तेच होतं. एका बाजूला भिंत बांधली, तर पुराचा जोर समोरच्या किंवा खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊ शकतो. दुरुस्ती करताना त्याला विचारलंच पाहिजे.

५. डोळ्यांवर विसंबू नका, पाणी मोजा. नितळ पाण्यातही जंतू असतात. आंघोळीयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू) 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा आपला निकष आहे. नमुना दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी घ्या. शेवाळामुळे दुपारी प्राणवायू वाढतो आणि पहाटे घटतो, त्यामुळे वेळ बदलली की तुलनाच फसते.

६. काठावरच्या माणसांना धरून चला. गुराखी, धुणं धुणाऱ्या बायका, देवळाचे पुजारी यांना नदीची रोजची खबर असते. बाहेरून येऊन त्यांना उपदेश केला, तर पुढच्या वेळी कुणी बोलत नाही. देवाच्या नावाने माणसं पाणी राखतात, हे वाडा तालुक्यातल्या तिळसे गावी दिसतं. तिथे वैतरणा नदीतले मासे देवाचे मानून कुणी धरत नाही.

७. तक्रार कागदावर हवी. पुण्यासारख्या शहरांत नदीच्या नकाशावर 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा असते आणि 100 वर्षांतल्या पुराची लाल. निळ्या रेषेत राडारोडा पडला की तारीख, जागा आणि फोटोसह अर्ज द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा. तोंडी ओरड फाइलीत जात नाही.

नदीसाठी संस्था काढण्याची वाट पाहू नका. चार शेजारी गोळा करा, येत्या मे महिन्यात आपला ओढा चालून या, आणि वाहतं गटार दिसलं तर त्याच संध्याकाळी पहिला अर्ज लिहा.