पात्राचा कपडा, माणसाचा कपडा

आधी मराठी मालिका आणि चित्रपटांच्या वेशभूषा विभागात साहाय्यक, मग डोंबिवलीत स्वतःचं शिवणकामाचं युनिट, असा माझा प्रवास. बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीच्या मुली आईला घेऊन भेटायला येतात. "ताई, हिला फॅशनमध्ये जायचंय, यात पुढे काय आहे?" असं आई विचारते आणि मुलगी मोबाइलवर कुठल्या तरी नटीचा फोटो दाखवते. त्यांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. सुरुवात भानू अथैयांपासून करा

कोल्हापुरात १९२९ साली राजोपाध्यांच्या घरी जन्मलेल्या भानूताई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता त्या १९५६च्या 'सीआयडी'पासून चित्रपटांकडे वळल्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. एवढं सगळ्या मुलींना पाठ असतं.

मी त्यांना 'ब्रह्मचारी' (१९६८) लावून मुमताजची केशरी साडी बघायला सांगते. नेहमीसारखी नेसलेली साडी त्या नाचात टिकली नसती. निऱ्या सुटल्या असत्या, नाहीतर तिचा एक हात पदर सांभाळण्यात अडकला असता. भानूताईंनी साडी आधीच शिवून घेतली, तिला चेन लावली आणि अंगाला चापूनचोपून बसवली. बघणाऱ्याला साडीच दिसते आणि नाचणारीला पाय टाकायला अडचण होत नाही. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला, 'गांधी'त खादी हाताळली. काळ वेगळा, कापड वेगळं, पण प्रश्न तोच: हे माणूस कोण आहे आणि हा कपडा घालून ते काय करणार आहे? हा प्रश्न ज्या मुलीला आपणहून पडतो, ती या क्षेत्रात टिकते. बाकी सगळं शिकवता येतं.

२. आधी मांजरपाट कापा

स्केचबुक सगळ्यांकडे असतं. कात्री धरता येणारे कमी. ज्या मास्टरजींच्या हाताखाली मी शिकले, त्यांनी सुरुवातीला मला मांजरपाटाशिवाय दुसऱ्या कापडाला हात लावू दिला नाही. उभा धागा, आडवा धागा, उरेब. यातला फरक डोळ्यांनी कळत नाही, कापड दोन्ही हातांत ताणून बघावं लागतं.

ब्लाऊजचंच घ्या. नवशिक्या मुलीला वाटतं, हात मोकळा हवा तर मुंढा खोल कापावा. होतं उलटंच. मुंढा खोल गेला की हात वर करताच ब्लाऊजची खालची पट्टी वर सरकते आणि बाई दिवसभर ती खाली ओढत बसते. मुंढा काखेच्या जवळ ठेवून बाहीचा घेर नीट साधला तर हात डोक्यापर्यंत जातो आणि ब्लाऊज जागचा हलत नाही. हे कुठल्याही फोटोत दिसणार नाही. ट्रायलला आलेल्या बाईला मी आधी केस बांधून दाखवायला सांगते, आरशात नंतर बघू देते.

आणि आत मार्जिन सोडा. बाईचं अंग वर्षा-दोन वर्षांत बदलतं, तो ब्लाऊज उसवून सैल करता आला पाहिजे.

३. लाट का उठली ते बघा

नटांचा कपड्यांवरचा परिणाम सिनेमापासून सुरू झाला असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे तो रंगभूमीपासून आहे. बालगंधर्व स्त्रीभूमिका करत त्या काळात चांगल्या घरच्या बायका त्यांचं साडी नेसणं, अंबाड्यातली फुलं, दागिने डोळ्यांत साठवून घरी जात आणि तसं करून बघत. पुरुषाने रंगमंचावर उभी केलेली स्त्री बघून खऱ्या स्त्रिया नटत होत्या, यातच नटाची आणि कपड्याची ताकद कळते.

पण रंगमंचावरचं, पडद्यावरचं सगळंच घरोघरी जात नाही. कशाची लाट येते आणि कशाची येत नाही, याचा मी बराच विचार केला आहे. 'बॉबी'तल्या (१९७३) डिंपलचा गाठ मारलेला ठिपक्यांचा ब्लाऊज घराघरांत गेला. 'हम आपके हैं कौन'मधली (१९९४) माधुरीची जांभळी साडी आणि तिचा मागून उघडा ब्लाऊज गावोगावच्या टेलरांनी शिवला. 'बंटी और बबली'तले (२००५) राणी मुखर्जीचे कॉलरवाले आखूड कुर्ते आणि पतियाळा कॉलेजांच्या आवारात दिसू लागले. ते अकी नरूलांचं काम होतं. आता या तिन्हींत समान काय आहे? एक, कपड्याची खूण एका वाक्यात सांगता येते: ठिपके आणि गाठ, उघडी पाठ, कॉलर आणि आखूड उंची. दोन, गल्लीतल्या टेलरला तो जमतो. बबलीचा कुर्ता तर सुती छापील कापडातही होतो आणि साध्या मुलीच्या खिशाला परवडतो. 'देवदास'चे (२००२) घागरे आणि साड्या कितीही डोळे दिपवणाऱ्या असल्या, तरी त्या लग्नाच्या हॉलपर्यंतच पोचल्या, कारण एवढं भरतकाम रोजच्या बसमध्ये घालून कोण फिरणार?

मालिकांची ताकद आणखी वेगळी. सिनेमा एकदा-दोनदा बघितला जातो. मालिकेतली सून रोज संध्याकाळी घरात येते. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं मंगळसूत्र सराफांकडे आणि फेरीवाल्यांच्या टोपलीत 'जान्हवी' याच नावाने विकलं गेलं, ते म्हणूनच. बायकांना ती मुलगी आवडली होती, घरातली वाटत होती. पात्र आवडलं नाही तर त्याचा दागिना कुणी विकत घेत नाही, हे मी सेटवर आणि दुकानात दोन्हीकडे पाहिलं आहे.

म्हणून नव्या मुलींना माझा आग्रह असतो, की गाजलेल्या कपड्याचा फोटो जपून ठेवू नका. तो का गाजला हे चार ओळींत लिहून ठेवा. पुढची लाट ओळखायला त्या चार ओळी उपयोगी पडतात.

४. कॅमेऱ्याचे नियम वेगळे

वेशभूषेच्या कामाला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. बारीक रेघांचं किंवा बारीक चौकड्यांचं कापड कॅमेऱ्यात थरथरतं, ते टाळा. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवा काठसुद्धा चालत नाही. कडक सिल्क आणि टिकल्यांचं काम कॉलर माइकला घासलं की आवाज येतो. साउंडवाले ओरडतात आणि ते बरोबर असतं. प्रसंग आज अर्धा आणि चार दिवसांनी अर्धा चित्रित होणार असेल तर पदराची पिन कुठे होती, बाही किती दुमडली होती, बांगड्या कोणत्या हातात किती होत्या, याचे फोटो काढून ठेवा. आणि सेटवरच्या ड्रेसदादांशी आदराने वागा. कुठली साडी कुठल्या पेटीत आहे आणि कुठल्या नटीला कुठल्या कापडाचा त्रास होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

५. शिवलेली नऊवारी खालून वर तपासा

डिसेंबर २०१५मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला आणि आमच्याकडे नऊवारी शिवून मागणाऱ्या मुलींची रीघ लागली. अंजू मोदी आणि मॅक्झिमा बसू यांनी त्यात केलेलं काम अभ्यासण्यासारखं आहे. दादरच्या दुकानांत 'पेशवाई', 'मस्तानी', 'लावणी' अशा नावांनी शिवलेल्या नऊवाऱ्या टांगलेल्या दिसू लागल्या. शिवलेल्या नऊवारीला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. ज्या मुलीच्या घरात नऊवारी नेसवणारी आजी उरली नाही, तिने काय करायचं? पँटसारखी पायांत घालून, नाडी बांधून, ती निदान काष्ट्यात उभी तरी राहते.

पण शिवणाऱ्याने जबाबदारी घेतली पाहिजे. नाचाच्या प्रसंगात नटी उभी असते, वळते, एखादी गिरकी घेते. शॉट संपला की तिला सावरायला माणसं असतात. लग्नातली नवरी पाटावर मांडी घालून होमापुढे तासनतास बसते, वाकून नमस्कार करते, सप्तपदी चालते. काष्टा फोटोत छान दिसावा म्हणून मागची शिवण घट्ट ओढली, तर नवरी बसताच तीच शिवण पहिल्यांदा जाते. बैठकीला घेर सोडावा लागतो, शिवण दुहेरी मारावी लागते आणि मागचा काठ बरोबर मधोमध यावा म्हणून आधी टाचण्या लावून नवरीला प्रत्यक्ष खाली बसवावं लागतं. मी ट्रायलला पाट ठेवते. मुली आधी लाजतात, मग सरळ मांडी ठोकून बसतात. समोरचा ओचा आणि निऱ्यांची रुंदी हे सगळं त्यानंतर.

आणखी एक. आजीची जुनी नऊवारी कापून शिवून द्या, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणते. शिवलेली नऊवारी सहावारीतूनही होते. तिच्यासाठी नवीन साडी घ्या. आजीच्या साडीला कात्री लागली की ती परत नेसता येत नाही, आणि शिवून घेणारी ती एकदाच घालणार असते.

६. लाटेच्या खाली विणकर असतो

हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. खण म्हणजे आपल्या आई-आजीच्या चोळीचं कापड. तो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जातो आणि मुळात चोळीपुरता असल्यामुळे त्याचा पन्हा कमी असतो. काही वर्षांपूर्वी खणाची साडी, खणाचा कुर्ता, खणाची पर्स, अशी लाट आली. चांगलं झालं, खण विस्मरणात जात होता. पण मागणी वाढताच खणासारखं दिसणारं यंत्रमागावरचं पॉलिस्टर बाजारात आलं आणि त्याच नावाने विकलं जाऊ लागलं. पैठणीचीही तीच गत. 'होम मिनिस्टर' या टीव्ही कार्यक्रमाने २००४पासून पैठणी घराघरांत पोचवली. येवल्याची आणि पैठणची पैठणी २०१०पासून भौगोलिक मानांकन घेऊन उभी आहे. तरी दुकानात 'सेमी पैठणी' विकत घेऊन घरी 'पैठणी घेतली' असं सांगणाऱ्या पुष्कळ आहेत.

सेमी घेण्यात काहीच वाईट नाही. सगळ्यांना हातमागाची परवडत नाही. फसवू मात्र नये. गिऱ्हाइकाला मी पदर उलटा करून दाखवते. हातमागाच्या पैठणीत मोराची नक्षी मागच्या बाजूलाही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. नकलेत मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. बघायला अर्धं मिनिट लागतं. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मुलीने शिक्षण संपायच्या आत एकदा तरी मागाशेजारी दिवसभर बसावं आणि विणकराच्या हाताखाली दिवसात किती इंच पदर सरकतो ते स्वतः बघावं. मग किमतीत घासाघीस करताना जीभ आपोआप जड होते.

७. शिक्षण आणि काम

निफ्ट या फॅशन-शिक्षण संस्थेची स्थापना १९८६ची. मुंबईचं केंद्र खारघरला आहे. प्रवेश मिळाला तर उत्तमच, पण फी आणि प्रवेश परीक्षा सगळ्यांना झेपत नाही. तंत्रनिकेतनं आहेत, आयटीआयमध्ये शिवणकामाचे अभ्यासक्रम आहेत. तिथून आलेल्या मुलींचा हात अनेकदा जास्त चांगला असतो. सगळ्यांना डिझायनर व्हायचं असतं, म्हणून पॅटर्न कापणारी माणसं मिळत नाहीत. निर्यातीच्या कारखान्यांत नमुने तयार करणं, मापांची श्रेणी बसवणं, कापडाची खरेदी, दर्जा तपासणं, ही सगळी पोट भरणारी आणि मान देणारी कामं आहेत.

मालिकांच्या कामात पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात येणं सर्रास आहे. एका निर्मितीसंस्थेने माझे पैसे त्याहून खूप जास्त अडकवून ठेवले होते आणि मी स्वतःच्या खिशातून कापड आणलं होतं. त्यानंतर आगाऊ रक्कम आल्याशिवाय मी मंगलदास मार्केटची पायरी चढले नाही. करार लेखी घ्या, खरेदीची बिलं जपा, श्रेयनामावलीत नाव येणार का ते आधीच विचारा. कारागिराची मजुरी मात्र तुमचे पैसे येवोत न येवोत, ठरल्या दिवशी द्या.

८. नवी लाट आता रस्त्यावरून येते

पाडवा जवळ आला की आमच्या युनिटवर गडबड असते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा आणि गॉगल घालून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो दर वर्षी वर्तमानपत्रांत झळकतात. ही फॅशन कुठल्या एका नटीने आणलेली नाही. गिरगावच्या, डोंबिवलीच्या, ठाण्याच्या बायकांनी ती स्वतः घडवली आणि आता मालिकांचे वेशभूषाकारच तिच्यावरून कपडे करतात. मला याचा मनापासून आनंद होतो.

शिवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे नवं काम आहे. बुलेटवर बसायचं तर काष्ट्याला मांडीपाशी नवरीच्या साडीहूनही जास्त घेर लागतो. पायांचे घोळ घोट्याशी आवळून घ्यावे लागतात, नाहीतर कापड सायलेन्सरला चिकटतं किंवा चाकात जातं. पदर खांद्यावर सोडून चालत नाही, कमरेला खोचून आतून बटण लावावं लागतं. फेटा मी आयता बांधून देते, म्हणजे वाटेत हेल्मेट घालून यात्रेच्या ठिकाणी तो चढवता येतो. ट्रायलसाठी पाट होताच. आता युनिटच्या दारात भाच्याची बुलेटही उभी असते आणि प्रत्येक बाई तिच्यावर बसून, किक मारून दाखवल्याशिवाय तिची साडी घडी घालून पिशवीत जात नाही.