पर्याय चाळीस, गोंधळ एक

प्रश्न : आमच्या प्रकल्पात सीमेक या बिल्ड-साधनाचे चाळीस पर्याय झालेत. नवा मुलगा यादी पाहूनच बिचकतो. काय करावं?
– एक विद्यार्थी, भालकी (जि. बीदर)

उत्तर : पर्याय काढू नका, मागे सरकवा. क्वचित लागणाऱ्यांना ‘मार्क_ॲज_ॲडव्हान्स्ड’ लावा. सीसीमेक या सीमेकच्या टर्मिनल-साधनाच्या पडद्यावर ते दिसत नाहीत. ‘टी’ दाबलं की उघडतात. उरलेल्यांना हात न लावताही बिल्ड होईल अशी मूळ मूल्यं द्या. नेहमीची जुळणी प्रीसेट फाइलमध्ये ठेवा. ही सोय ३.१९ आवृत्तीपासून (२०२०) आहे. मग ‘सीमेक --प्रीसेट’ आणि एक नाव, एवढंच टाइप करायचं. माहितीपत्रक मराठी-कन्नड दोन्हींत लिहा. म्हणजे फक्त कन्नड वाचणारा नवा मुलगाही अडणार नाही. पहिलं बिल्ड पहिल्याच दिवशी झालं, तर मुलगा टिकतो.