कावळ्यालाही यादीत घे गं!

अगं, पक्षी मोजायला पक्षीतज्ज्ञ असावं लागतं, हे तुला कुणी सांगितलं? "ताई, कावळा, चिमणी, कबुतर सोडलं तर मला काही ओळखता येत नाही, मी त्या विज्ञानात कुठे लुडबुड करू?" असं विचारतेस. खरं सांगू का, तुला जे तीन येतात ना, तिथूनच सुरुवात होते. ते तीनही येत नसते तर गोष्ट वेगळी!

काम काय आहे ते आधी नीट ऐक. मोबाइलवर ईबर्ड नावाचं ॲप घे, फुकट आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये हा नोंदींचा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे बर्ड काउंट इंडिया ही संस्थांची आणि पक्षीमित्र मंडळांची आघाडी त्याचं काम बघते. तू करायचं एवढंच: गॅलरीत उभं राहायचं, यादी सुरू करायची, पंधरा मिनिटं जे पक्षी दिसतील किंवा ऐकू येतील ते किती, हे लिहायचं आणि पाठवून द्यायचं. वेळ आणि ठिकाण ॲपच टिपून ठेवतं. सेटिंगमध्ये जाऊन पक्ष्यांची नावं मराठीत करून घे, म्हणजे 'कॉपरस्मिथ बार्बेट' वाचून घाबरायला नको. तो आपला तांबट गं!

आता म्हणशील, वेळ कुठून आणू? बघ, डबे भरून झाले, पोरं स्कूलबसमध्ये बसली की चहाचा कप घेऊन गॅलरीत ये. तसाही तो चहा तू मोबाइल बघत पितेस. पंधरा जमली नाहीत तर दहा मिनिटं कर, पण वेळ खरी लिही. मध्येच दूधवाल्याने बेल वाजवली आणि तू आत गेलीस, तर यादी तिथेच थांबव. घड्याळ चालू आणि तू ओट्यापाशी, असं चालायचं नाही.

मोजताना गडबडून जाऊ नकोस. एकच कावळा पाच वेळा कठड्यावर येऊन बसला तर तो पाच होत नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले, तो आकडा धर. पोपटांचा थवा ओरडत गेला तर पटकन दहांचा अंदाज घे आणि तसे किती दहा झाले ते बघ. थोडा अंदाज चुकला तरी आकडा लिही, तो नसण्यापेक्षा बरा.

नावांचं म्हणशील तर ती आपोआप चिकटतात. समोरच्या झाडाच्या सुक्या शेंड्यावर चिमणीएवढा हिरवा पक्षी बसलेला दिसेल, कपाळ लाल, चोच जाड, आणि दुपारभर एका लयीत 'टुक टुक टुक'. तोच तांबट. आवाज तू जन्मभर ऐकलायस, फक्त वर मान करून पाहिलं नव्हतंस. कढीपत्त्याच्या कुंडीत शेपटी ताठ उभारून नाचतो, डोक्याला तांबूस टोपी आणि आवाज अंगापेक्षा चौपट, तो शिंपी. आठवड्याला एक पक्षी ओळखू लागलीस तरी पुष्कळ.

आवाज ओळखायला मर्लिन नावाचं ॲप आहे, तेही फुकट. पण ते सुचवतं, निकाल देत नाही. त्याने नाव दाखवलं म्हणून लगेच यादीत टाकू नकोस, डोळ्यांनी किंवा कानांनी स्वतःची खात्री करून घे. नाहीच कळलं तर सोडून दे. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी कोकिळा पाहून मी 'दुर्मीळ पक्षी आला' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. 'कुहू' करणारा काळा तो नर आणि ही त्याची मादी, हे मला तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं! तेव्हा हसं झालं तर होऊ दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यादी पाठवताना ॲप विचारतं, ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? तिथे 'हो' म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी कावळाही हवा आणि पारवाही हवा. नव्या मुलींचं काय होतं, की छान निळा खंड्या दिसला की लिहितात आणि कावळ्याला 'त्यात काय' म्हणून वगळतात. अगं, अभ्यासक बघतात ते हेच, की पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांमध्ये एखादा पक्षी आला. तू सगळं लिहिलंस, तरच तुझ्या यादीत चिमणी नाही याला अर्थ येतो. नाही तर ती नव्हती की तू लिहिली नाहीस, हे कुणाला कसं कळणार?

आणि चिमणीचीच गंमत सांगते. चिमण्या संपल्या असं आपण सगळे उसासे टाकत म्हणत होतो. २०२० मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल आला. त्यात दिसलं की देशभरात मिळून चिमणी साधारण टिकून आहे, पण मुंबईसारख्या महानगरांत ती कमी होतेय. हा अहवाल सुमारे साडेपंधरा हजार पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदींवर उभा होता. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि त्यामागे तीस हजार लोकांच्या तीन कोटी नोंदी आहेत. एवढ्या गॅलऱ्यांत, बांधांवर, तळ्याकाठी उभे राहतील इतके शास्त्रज्ञ कुठल्या संस्थेकडे असणार? म्हणून तर तू हवीस.

चुकलं तर काय, ही भीती मला माहीत आहे. वेगळी नोंद दिसली की जाणकार स्वयंसेवक ती तपासतात आणि कधी 'फोटो आहे का, वर्णन सांगाल का' अशी मेल येते. ती मेल म्हणजे शिक्षकांनी वहीवर मारलेली लाल रेघ नव्हे. जे पाहिलंस ते सांग, शंका असेल तर नोंद बदल, विषय संपला.

दोन-तीन गोष्टी मात्र मोठ्या बहिणीच्या हक्काने बजावते. याद्या सगळ्यांना दिसतात, म्हणून ठिकाणाच्या नावात विंग आणि फ्लॅट नंबर लिहू नकोस. नाव दाखवायचं नसेल तर तशी सोय आहे, ती वापर. घरटं सापडलं तर जवळ जाऊन फोटो काढू नकोस आणि गावभर सांगूही नकोस. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज लावणं तर बंदच. आणि पहाटे एकटीने सामसूम तळ्यावर जायचं नाही, सोबत कुणी तरी ने. दुर्बिणीचे पैसे आत्ता घालू नकोस. गोडी लागली तर वर्षाने ८×४२ ची घे.

दर फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, १९९८ मध्ये तो अमेरिकेत सुरू झाला आणि २०१३ पासून भारतातले लोकही त्यात आहेत. तेव्हा काटेसावर फुललेली असते, तिच्यावर भोरड्यांचे थवे कलकलाट करतात, बघायला मजा येते. पण त्याची वाट बघत बसू नकोस. मे महिन्यातल्या रखरखीत सकाळची यादी तितकीच कामाची, कारण तेव्हा लिहिणारे कमी असतात.

तेव्हा उद्या सकाळी ॲप उघड, पंधरा मिनिटं उभी राहा आणि चार कावळे, दोन पारवे एवढंच दिसलं तरी यादी पाठव. सासूबाईंनाही शेजारी खुर्ची दे. त्यांना आवाज तुझ्यापेक्षा जास्त येत असतील, विचारून तर बघ!